डोंगराची नोंदवही : बदलत्या हवामानाचा रानावर होणारा परिणाम कसा तपासावा?

पलूस तालुक्यातील ऊस, द्राक्ष आणि भाजीपाला कृष्णेच्या पाण्यावर उभा आहे. हे पाणी महाबळेश्वर-कोयनेच्या डोंगरात पडते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर पलूस परिसरात त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकाच. डोंगरावरचे गवत, झुडपे आणि माती कशा अवस्थेत आहेत यावर पाणी किती वेगाने खाली येणार आणि झरे किती दिवस टिकणार, हे ठरत असते. तरीही आपण शेतातील पिकाची नोंद ठेवतो, डोंगराची ठेवत नाही. ही नोंद गावपातळीवर, कमी खर्चात कशी ठेवता येईल, याची माहिती या लेखात घेऊ.

डोंगरावरच्या वनस्पती आधी का बदलतात?

साधारणपणे दर 1000 मीटर उंचीला तापमान 6 ते 6.5 अंश सेल्सिअसने कमी होते. त्यामुळे प्रत्येक उंचीवरची वनस्पती ठरलेली असते. हवा तापत गेली की थंडावा लागणाऱ्या वनस्पती हळूहळू वरच्या बाजूला सरकतात. हिमालयात त्यांना वर जायला जागा आहे. सह्याद्रीत मात्र डोंगर त्या मानाने लवकर संपतो आणि माथ्यावरच्या वनस्पतीला पुढे जागाच उरत नाही.

दुसरे कारण मातीचे. सातारा जिल्ह्यातील कास पठार सुमारे 1200 मीटर उंचीवर आहे. तिथे जांभ्या खडकावर काही ठिकाणी मातीचा जेमतेम काही सेंटिमीटरचा थर आहे. आपल्या काळ्या जमिनीत पाऊस थांबला तरी ओल काही आठवडे टिकते. खडकावरच्या थरात ती काही दिवसांतच संपते. त्यामुळे पावसाचा खंड पडला, पाऊस लांबला किंवा एकदम पडला, तर त्याचा परिणाम आधी पठारावर दिसतो.

पश्चिम घाटातील काही वनस्पती पूर्ण वाळून पुन्हा पाऊस पडताच हिरव्या होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अशा 62 प्रजाती नोंदवल्या आहेत. त्याआधी फक्त नऊच माहीत होत्या. पाण्याचा ताण सहन करणारी पिके तयार करण्याच्या दृष्टीने या वनस्पती मोलाच्या आहेत. त्या नोंदीआधीच नष्ट झाल्या, तर नुकसान शेतीचेही आहे.

कास पठार काय शिकवते?

2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटातील 39 ठिकाणांचा समावेश झाला, त्यात कास आहे. इथे गेंद, सीतेची आसवे, तेरडा, कवला यांचे ताटवे फुलतात. वायतुऱ्यासारखी, शास्त्रीय नावातच साताऱ्याचा उल्लेख असलेली वनस्पतीही इथे आहे. देखरेखीच्या दृष्टीने कासचे तीन धडे महत्त्वाचे आहेत.

• एका वर्षाच्या पाहणीवर निष्कर्ष काढू नये. टोपली कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. मधल्या वर्षी पाहणी करणाऱ्याला ‘कारवी फुलत नाही’ असे वाटेल.

• प्रत्येक बदल हवामानामुळे होत नाही. पर्यटकांच्या गर्दीपासून फुले वाचवण्यासाठी कासला कुंपण घातले गेले. चराई थांबल्यावर गवत माजले आणि बुटक्या फुलझाडांची जागा कमी झाली, असे स्थानिक लोकांचे व काही अभ्यासकांचे निरीक्षण होते. पुढे कुंपण काढण्यात आले. म्हणून पावसाबरोबर चराई, वणवा, खोदकाम यांचीही नोंद हवी.

• जुनी नोंद नसेल तर तुलना करता येत नाही. आघारकर संस्था आणि तिरुअनंतपुरम येथील राष्ट्रीय भूविज्ञान अभ्यास केंद्राने कासच्या हंगामी तळ्यातील गाळाचे थर तपासून हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचा अंदाज बांधला. गाळाने जे जपले ते वाचता आले. मागच्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या गावच्या डोंगरावर काय बदलले, हे मात्र बहुतेक ठिकाणी कुठेच लिहिलेले नाही.

जगभर वापरली जाणारी पद्धत

युरोपात 2001 पासून ‘ग्लोरिया’ या उपक्रमात डोंगरमाथ्यांवर कायमचे चौकोन आखून काही वर्षांच्या अंतराने त्याच जागी त्याच पद्धतीने वनस्पती मोजल्या जातात. 2001 ते 2008 या काळात 66 माथ्यांची तुलना केली असता, उत्तरेकडील डोंगरांवर प्रजातींची संख्या वाढलेली दिसली. खालच्या वनस्पती वर चढल्या होत्या. भूमध्य समुद्राकडील कोरड्या डोंगरांवर मात्र संख्या वाढली नाही किंवा घटली. तापमान दोन्हीकडे वाढत होते, पण कोरड्या भागात पाणी कमी पडले. आपला भागही पाण्याच्या ताणाचा आहे, म्हणून तापमानाइतकीच ओलीची नोंद महत्त्वाची आहे.

गावपातळीवर नोंद कशी ठेवावी?

पलूसकरांना सर्वांत जवळचा डोंगर सागरेश्वरचा. एकेकाळी उजाड असलेल्या या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने रान उभे राहिले आणि 1985 मध्ये 10.87 चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य घोषित झाले. अभयारण्यात नोंदी घ्यायच्या असतील तर वन विभागाची परवानगी आवश्यक आहे. गावचे गायरान, माळ किंवा मालकीची डोंगरपड असेल तर तिथून सुरुवात करावी.

1. जागा निवडणे : पायथा, मधला उतार आणि माथा अशा तीन ठिकाणी प्रत्येकी तीन जागा निवडाव्यात. मोबाइलवर जीपीएस स्थान नोंदवावे. जागेच्या कोपऱ्यावर दगड रचून खूण करावी. सोयीची किंवा छान हिरवी जागा मुद्दाम निवडू नये.

2. चौकट तयार करणे : अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे प्रत्येकी एक मीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो वापरून चौकट करावी. ती दरवेळी खुणेच्या त्याच कोपऱ्याला लावावी.

3. काय मोजायचे : चौकटीत किती प्रकारच्या वनस्पती आहेत, शंभरातला किती भाग गवताने, किती झुडपांनी व्यापला आहे, किती भाग उघडी माती किंवा खडक आहे, हे लिहावे. शास्त्रीय नाव माहीत नसेल तर गावात वापरले जाणारे नाव लिहावे आणि फोटो काढावा. रोप उपटू नये.

4. केव्हा मोजायचे : मोसमी पाऊस सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी, ऑगस्टच्या मध्याला, सप्टेंबरअखेर, दिवाळीनंतर आणि फेब्रुवारीत अशा वर्षातून पाच फेऱ्या पुरेशा आहेत. दरवेळी उभे राहण्याची जागा व दिशा तीच ठेवून फोटो घ्यावा.

5. फुलोऱ्याच्या तारखा : पळस, बहावा, काटेसावर यांपैकी जी झाडे तुमच्याकडे असतील, त्यांतील ठरावीक पाच झाडे निवडावीत. पहिले फूल, भर बहर आणि फुलोरा संपल्याची तारीख लिहावी. देशभर चालणाऱ्या ‘सीझनवॉच’ उपक्रमात अशा नोंदी मोबाइलवरून देता येतात. शाळेतील मुलांकडून हे काम चांगले होते.

6. पाऊस व पाणी : साधे पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी 8.30 वाजता पाऊस मोजावा. ओढा वाहायचा थांबला ती तारीख, झरा आटला ती तारीख लिहावी. मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्यांशी तुलना करावी.

7. माणसाचा हस्तक्षेप : वणवा, चराई, मुरूम उपसा, वृक्षतोड, नवा रस्ता यांची तारखेसह नोंद करावी. ही नोंद नसेल तर बाकीच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

नोंदीतून कोणते संकेत ओळखावेत?

• पवन्या, मारवेल कमी होऊन कुसळी गवत वाढत असेल, तर वारंवार वणवा किंवा अतिचराईची शक्यता अधिक.

• घाणेरी, रानमोडी यांचा भाग वर्षागणिक वाढत असेल, तर चाऱ्याची जागा जात आहे. फळे धरण्यापूर्वी ही झुडपे मुळासकट काढावीत.

• पाऊस सरासरीइतका असूनही ओढा लवकर आटत असेल आणि उघडी माती वाढली असेल, तर पाणी मुरण्याऐवजी वाहून जात आहे.

• फुलोऱ्याच्या तारखा सरकत असतील, तर मधमाश्यांच्या खाद्यात खंड पडू शकतो. ऊस व द्राक्षाला मधमाशी लागत नाही, म्हणून हा मुद्दा आपल्याकडे दुर्लक्षित राहतो. पण सूर्यफूल, कांदा बीजोत्पादन, डाळिंब आणि वेलवर्गीय भाज्यांना ती लागते.

• गवत कधी वाळले आणि हरणे पिकात कधी उतरली, या तारखा शेजारी शेजारी लिहाव्यात. अभयारण्यालगतच्या गावांना पाणवठे व चाऱ्याची मागणी वेळेत करण्यासाठी हा आधार उपयोगी पडतो.

तीन वर्षांच्या नोंदीतून चराई, वणवा, झुडपे यांबाबत गावाचे निर्णय घेता येतात. हवामान बदलले असे म्हणण्यासाठी मात्र साधारण तीस वर्षांची सरासरी पाहिली जाते. त्यामुळे वही एका माणसाकडे न ठेवता ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे एक प्रत द्यावी. लोक जैवविविधता नोंदवहीला या नोंदींची जोड मिळते आणि माणसे बदलली तरी काम चालू राहते.

ही चूक टाळा

उघडा माळ किंवा कातळसडा दिसला की तिथे खड्डे घेऊन झाडे लावण्याचा उत्साह असतो. कासच्या धर्तीच्या पठारांवर मुळात झाडे नसतातच. पातळ माती खोदली की तिथली मूळ वनस्पती जाते आणि लावलेले रोपही जगत नाही. वृक्षारोपण व समतल चर माती असलेल्या उतारावर घ्यावेत. सड्यावर पाय, वाहन आणि कुदळ यांपासून संरक्षण देणे हाच उपाय आहे.

सुरुवात कशी करावी?

मे महिन्यात गावचे सहायक कृषी अधिकारी, वनरक्षक आणि शाळेतील एक शिक्षक यांना सोबत घेऊन जागा ठरवाव्यात व खुणा कराव्यात. पहिल्या वर्षी नऊऐवजी तीनच चौकोन जमले तरी चालतील. चौकोन कमी असले तरी हरकत नाही, मात्र पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच सुमारास पुन्हा जाणे चुकवू नये.