शस्त्राचा गुण कीं हातगुण ?

अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, हें वाक्य आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकूं येत आलेलें आहे. औषध तेंच, रोगहि तोच. परंतु एकानें दिलें तर लागू पडतें आणि दुसऱ्यानें दिलें तर पडत नाहीं, असा या समजुतीचा मथितार्थ. औषधांच्या बाबतींत तिची पारख करण्याची रीत वैद्यकशास्त्रानें फार पूर्वींच बसविली. एका गटास खरें औषध द्यावयाचें, दुसऱ्यास तशीच दिसणारी साखरेची गोळी द्यावयाची, आणि कोणास काय दिलें हें ना रोग्यास कळूं द्यावयाचें, ना त्यास तपासणाऱ्यास. परंतु शस्त्रक्रियेचें काय ? चाकू चालला, टांके पडले, रोगी कांहीं दिवसांनीं हिंडूं लागला, कीं चाकूनेंच गुण आला असें आपण धरून चालतों. शस्त्रवैद्यहि बहुधा तसेंच धरून चालत असत. गुडघा आणि खांदा या दोन सांध्यांच्या बाबतींत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झालेल्या संशोधनानें या गृहीताला चांगलाच धक्का दिला आहे. ज्या घरांत पन्नाशी-साठी उलटलेलीं माणसें आहेत त्या प्रत्येक घराशीं या विषयाचा संबंध पोंचतो. म्हणून त्याची हकीकत आमच्या वाचकांपुढें थोड्या विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तिचा आरंभ शंभराहून अधिक वर्षें मागें जातो. अमेरिकेंत बोस्टन येथें अर्नेस्ट कॉडमन (१८६९–१९४०) नांवाचा एक शस्त्रवैद्य होऊन गेला. खांद्याच्या सांध्याचा त्याचा व्यासंग मोठा दांडगा होता. १९३४ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा त्या विषयावरील ग्रंथ अद्यापि नांवाजला जातो. परंतु त्याची खरी योग्यता एका साध्या कल्पनेंत आहे. तो म्हणे, प्रत्येक रोग्याचें एक कार्ड ठेवा. रोग काय, उपाय काय केला, तें त्यावर लिहा. आणि एक वर्ष लोटल्यावर त्या रोग्यास पुनः गांठून विचारा कीं, बाबा, तुझें दुखणें गेलें काय? गेलें नसल्यास कां गेलें नाहीं, हेंहि लिहा. या पद्धतीला त्यानें 'अखेरचा परिणाम' असें नांव दिलें. वस्तुतः कोणताहि दुकानदार आपल्या मालाविषयीं एवढी चौकशी करतो. परंतु मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल या तेथील थोर रुग्णालयास ही कल्पना रुचली नाहीं, आणि १९१४ सालीं कॉडमननें तेथील जागेचा राजीनामा दिला. त्यापूर्वींच, १९११ सालीं, त्यानें स्वतःचें एक लहानसें रुग्णालय काढलें होतें. १९१६ पर्यंत तेथून ३३७ रोगी घरीं गेले, आणि त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका कॉडमननें स्वतः छापून प्रसिद्ध केल्या ! १९१५ सालीं भर सभेंत त्यानें एक व्यंगचित्र उलगडलें. वाळूंत डोकें खुपसून बसलेला शहामृग, आणि त्याचीं सोन्याचीं अंडीं मिळविणारे डॉक्टर. शहरांतील प्रतिष्ठित मंडळी खवळली, हें सांगावयास नकोच. तो १९४० सालीं वारला तेव्हां त्याच्या थडग्यावर नांवाचा दगडहि नव्हता. तो २०१४ सालीं बसविण्यांत आला.

दरम्यान शस्त्रक्रियेचें तंत्र फार पुढें गेलें. १९१८ सालीं तोकियो येथें केंजी ताकागी यानें मूत्राशय पाहण्याची दुर्बीण एका मृत देहाच्या गुडघ्यांत घालून पाहिली. पुढें त्याचाच शिष्य मासाकी वातानाबे यानें खास सांध्यांसाठीं दुर्बिणी घडविल्या व १९६२ सालीं तिच्या साह्यानें गुडघ्यांतील फाटकी गादी कापून काढली. ही गादी म्हणजे मांडीचें हाड व नळीचें हाड यांच्यामध्यें असलेली चंद्रकोरीच्या आकाराची कूर्चेची चकती. इंग्रजींत तिला मेनिस्कस म्हणतात. मोठी चीर न देतां दोन-तीन लहानशा छिद्रांतून काम भागूं लागल्यामुळें ही दुर्बिणीची शस्त्रक्रिया झपाट्यानें लोकप्रिय झाली. झिजलेल्या गुडघ्यांत ती दुर्बीण घालून आंतील कचरा धुवावा आणि खडबडीत झालेली कूर्चा साफ करावी, असा प्रघात पडला. एकट्या अमेरिकेंत अशा शस्त्रक्रियांची संख्या वर्षाला साडेसहा लक्षांच्या वर गेली. प्रत्येकीचा खर्च सुमारें ५,००० डॉलर. आणि रोगी तर सांगतच होते कीं, आम्हांस बरें वाटतें.

टेक्सास संस्थानांतील ह्यूस्टन येथें माजी सैनिकांसाठीं एक सरकारी रुग्णालय आहे. तेथील डॉ. ब्रूस मोझली व त्यांच्या सहकारी डॉ. नेल्डा रे यांनीं या 'बरें वाटतें'ची परीक्षा घेण्याचें ठरविलें. गुडघ्याची झीज झालेल्या ३२४ रोग्यांना त्यांनीं विचारलें; १४४ जणांनीं नकार दिला, १८० तयार झाले. यांतील कांहींवर केवळ लटकी शस्त्रक्रिया होणार, आणि तिनें त्यांच्या झिजेला कांहींएक फायदा होणार नाहीं, ही गोष्ट त्यांच्यापासून लपविलेली नव्हती. उलट तें आपणांस समजलें आहे असें प्रत्येकास स्वहस्तें लिहून द्यावें लागलें. रोगी शस्त्रक्रियेच्या खोलींत आल्यावर बंद लखोटा फोडावयाचा, आणि आंत जी चिठ्ठी निघेल त्याप्रमाणें वागावयाचें. एका गटाचा गुडघा साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला, आणि तिसऱ्या गटास झोपेचें औषध देऊन गुडघ्यावर तीन बारीक चिरा तेवढ्या दिल्या. दुर्बीण आंत गेलीच नाहीं. परंतु डॉक्टरांनीं सगळीं हत्यारें मागून घेतलीं, पाय हवा तसा वांकविला, पाणी उडाल्याचा आवाज व्हावा म्हणून क्षारजल शिंपडलें, आणि खरी शस्त्रक्रिया जेवढा वेळ चालते तेवढा वेळ रोग्यास टेबलावर ठेवलें. सर्वांवर शस्त्र चालविणारा हात एकच, डॉ. मोझली यांचा, म्हणजे हातगुण सर्वांस सारखाच मिळाला.

पुढें दोन वर्षें या रोग्यांच्या वेदना, चालणें, जिना चढणें यांची मोजदाद झाली. मोजणाऱ्यांस कोण कोणत्या गटांतला हें ठाऊक नव्हतें. १ुडघा साफ केलेले, धुतलेले आणि नुसत्या चिरा दिलेले या तिहींत, दोन वर्षांच्या काळांत एकदांहि, खऱ्या शस्त्रक्रियेच्या गटांस सोंगाच्या गटाहून अधिक आराम पडलेला आढळला नाहीं. हा वृत्तांत २००२ सालीं प्रसिद्ध झाला.

माणसाच्या अंगावर खोट्या चिरा देणें नीतीला धरून आहे काय, असा आक्षेप तेव्हां अनेकांनीं घेतला, आणि तो क्षुल्लक नाहीं. परंतु आमचें मत असें कीं, १८० जणांस सर्व सांगून, त्यांच्या संमतीनें केलेल्या या सोंगापेक्षां, परीक्षा न झालेला उपाय लक्षावधि लोकांवर खरा म्हणून करणें हें अधिक आक्षेपार्ह होय.

दुसरा आक्षेप शस्त्रवैद्यांचा. ते म्हणाले, झिजलेला गुडघा धुऊन उपयोग नाहीं हें एक वेळ मान्य. पण गादीच फाटलेली असेल तर ती काढल्यावांचून कसें चालेल? याचें उत्तर फिनलंडमधून आलें. तेथील पांच रुग्णालयांनीं ३५ ते ६५ वयाचे १४६ रोगी निवडले. यांची गादी अपघातानें नव्हे, तर वयोमानानें विरून फाटलेली होती, आणि गुडघ्याची झीज मात्र नव्हती. प्रत्येकाच्या गुडघ्यांत दुर्बीण घातली. चिठ्ठीप्रमाणें निम्म्यांची फाटकी गादी कापली, निम्म्यांची तशीच ठेवली. एका वर्षानंतर दोन्ही गट सारखेच सुधारले होते. हा निष्कर्ष २०१३ सालीं बाहेर आला. त्यांतील एक आंकडा आम्हांस विशेष बोलका वाटतो. 'हीच शस्त्रक्रिया पुनः करून घ्याल काय ?' या प्रश्नाला गादी कापलेल्यांपैकीं शेंकडा ९३ जणांनीं होय म्हटलें, आणि ज्यांची गादी कापलीच नव्हती त्यांच्यापैकीं शेंकडा ९६ जणांनीं ! पांच वर्षांनंतर पुनः पाहिलें तेव्हांहि कापण्याचा लाभ दिसला नाहीं. उलट कापलेल्या गुडघ्यांत झिजेचीं चिन्हें किंचित् अधिक आढळलीं. गादी काढलेल्या गुडघ्यांत पुढें असे फेरफार होतात, हें इंग्लंडांतील फेअरबँक यानें क्ष-किरण चित्रांवरून १९४८ सालींच दाखविलें होतें.

मग एम.आर.आय.च्या चित्रांत फाटलेली गादी स्पष्ट दिसते तिचें काय ? या चित्रानें भल्याभल्यांची झोंप उडते. परंतु अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम गांवीं ५० ते ९० वयाच्या ९९१ सामान्य नागरिकांच्या गुडघ्यांचीं अशीं चित्रें काढण्यांत आलीं. पन्नाशींतल्या बायकांत शेंकडा १९ जणींची, तर सत्तरी उलटलेल्या पुरुषांत शेंकडा ५६ जणांची गादी फाटलेली निघाली. आणि फाटलेल्यांपैकीं शेंकडा ६१ जणांना मागच्या महिन्याभरांत गुडघेदुखी मुळींच नव्हती. केंस पिकावे तशी ही गादी विरते, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. गुडघा दुखतो आणि गादीहि फाटलेली आहे. म्हणून गादीमुळेंच गुडघा दुखतो, हें अनुमान पुष्कळदां काकतालीय न्यायाचेंच ठरतें.

खांद्याची कथाहि याच धाटणीची आहे. हात वर करतांना खांद्याच्या माथ्यावरील हाडाच्या छताखालीं कंडरा घांसली जाते, म्हणून तें छत खालून तासावें, ही शस्त्रक्रिया अमेरिकेंतील चार्ल्स नीर यानें १९७२ सालीं वर्णिली, व पुढें तीहि दुर्बिणीनें होऊं लागली. इंग्लंडांतील ३२ रुग्णालयांनीं ३१३ रोग्यांचे तीन गट पाडले. एका गटाचें हाड तासलें, दुसऱ्याच्या खांद्यांत दुर्बीण घालून नुसतें पाहिलें, आणि तिसऱ्यास कांहींच केलें नाहीं. सहा महिन्यांनीं ४८ पैकीं गुण मोजले, ते अनुक्रमें ३२.७, ३४.२ आणि २९.४ भरले. म्हणजे तासलेल्यांपेक्षां नुसतें पाहिलेले रेंसभर पुढेंच ! आणि कांहींच न केलेल्यांशीं जो फरक पडला तोहि रोग्यास जाणवण्याजोगा नव्हता. ही कसोटी २०१८ सालची. त्याच वर्षीं फिनलंडमध्यें २१० रोग्यांवर झालेल्या कसोटीनेंहि सोंगाच्या शस्त्रक्रियेपेक्षां हाड तासल्यानें जाणवण्याजोगा अधिक लाभ होत नाहीं, असेंच सांगितलें. या सर्वांचा विचार करून 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या तज्ज्ञमंडळानें २०१७ सालीं झिजलेल्या गुडघ्यावरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेविरुद्ध व २०१९ सालीं खांद्याच्या या शस्त्रक्रियेविरुद्ध स्पष्ट सल्ला दिला.

तर मग या लोकांना बरें वाटलें तें खोटें काय ? मुळींच नाहीं. सांध्याचें दुखणें भरती-ओहोटीसारखें असतें. आणि भरती पुरी चढली म्हणजेच माणूस शस्त्रवैद्याकडे जातो. त्यानंतर ओहोटी यावयाचीच; श्रेय मात्र मध्यंतरीं जें घडलें त्याला मिळतें. शिवाय शस्त्रक्रिया झाली म्हणजे विश्रांति मिळते, व्यायाम नेमानें होतो, मनाला उभारी येते. आणि एरव्हीं ज्यांना कोणी पाण्याचा तांब्या हातांत देत नाहीं, त्यांच्याभोंवतीं लेकी-सुना चार दिवस उभ्या राहतात. हातगुण म्हणतात तो बहुधा या सर्वांच्या बेरजेंत दडलेला असावा.

यावरून गुडघ्याच्या सर्वच शस्त्रक्रिया व्यर्थ, असें कोणी समजूं नये. तरुण माणसाच्या गुडघ्यांत फाटका तुकडा अडकून पाय सरळच होत नसेल, तर तें प्रकरण निराळें. आणि पूर्ण झिजलेला सांधा काढून कृत्रिम सांधा बसविणें हें तर फारच निराळें. डेन्मार्कमध्यें १०० रोग्यांवर त्याचीहि कसोटी झाली (२०१५). सर्वांना बारा आठवडे व्यायाम, आहार, बुटांतील आधार व औषधें यांचा उपचार दिला. पैकीं निम्म्यांचा सांधाहि बदलला. वर्षाअखेर सांधा बदललेल्यांची सुधारणा शंभरांत ३२.५ गुणांची, तर इतरांची १६ गुणांची झाली. शस्त्राचा गुण येथें दुप्पट, यांत शंका नाहीं. परंतु त्या गटांत गंभीर उपद्रव २४ झाले, दुसऱ्यांत ६. आणि नुसत्या व्यायाम-औषधांवर असलेल्यांपैकीं त्या वर्षांत सांधा बदलून घेण्याची गरज फक्त शेंकडा २६ जणांना वाटली. बसविलेला सांधा टिकतोहि चांगला. २०१९ सालच्या एका मोठ्या पाहणींत शेंकडा सुमारें ८२ सांधे पंचवीस वर्षें टिकल्याचें दिसलें. तथापि सांधा उत्तम बसूनहि पांचांतील सुमारें एक रोगी समाधानी नसतो, असें अनेक पाहण्या सांगतात. सांधा चांगला असणें आणि माणूस समाधानी असणें, या दोन गोष्टी कॉडमनच्या कार्डावर वेगवेगळ्या रकान्यांत पडावयाच्या.

ह्या समाधानाच्या प्रश्नावली बहुतेक पाश्चात्त्य देशांत तयार झालेल्या आहेत. डेन्मार्कच्या कसोटींत जी वापरली तींत धावणें, उड्या मारणें, उकिडवें बसणें, गुडघे टेंकणें यांविषयीं विचारलेलें आहे. मांडी घालून बसण्याविषयीं नाहीं. आपल्याकडील वडील मंडळी डॉक्टरांना हटकून विचारतात तो प्रश्न मात्र तोच असतो, कीं पूजेला पाटावर बसतां येईल काय ? सांधा बदलल्यावर जमिनीवर मांडी घालून बसूं नये, असाच सल्ला बहुधा मिळतो. तेव्हां ज्या घरांत शस्त्रक्रियेचा विचार चालला असेल तेथें हा प्रश्न, आणि 'शस्त्रक्रिया न केल्यास वर्षभरानें काय स्थिति असेल ?' हा दुसरा, असे दोन्ही प्रश्न तारीख ठरण्यापूर्वींच विचारून घ्यावे.