विनियंत्रण

उद्योगधंद्यांतील प्रवेश, उत्पादन, किंमती व सेवा यांवर शासनाने घातलेले निर्बंध कायद्याने शिथिल वा रद्द करण्याच्या धोरणास ‘विनियंत्रण’ अथवा ‘नियंत्रणमुक्ती’ असे म्हणतात. खाजगीकरणाहून ही संकल्पना भिन्न आहे. खाजगीकरणात मालकी बदलते. विनियंत्रणात मालकी कोणाचीही असली, तरी व्यवसायाचे नियम बदलतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वायू व वीज यांच्या बहुतेक कंपन्या पूर्वीपासूनच खाजगी होत्या. तरीही विनियंत्रणाचे सर्वांत बोधप्रद प्रयोग तेथेच झाले.

नियंत्रणाचा आधार : एकाच रस्त्याखालून दोन कंपन्यांनी वायूचे दोन नळ टाकणे वा विजेच्या तारांची दोन जाळी उभारणे अपव्ययाचे ठरते. अशा धंद्यात एकच कंपनी कमी खर्चात सेवा देऊ शकते. यास ‘नैसर्गिक मक्तेदारी’ म्हणतात. ग्राहकास दुसरा पर्याय नसल्याने तिचे दर शासनाने ठरवावेत, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. अमेरिकेत रेल्वेदरांसाठी १८८७ मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोग स्थापन झाला. पुढे हे तत्त्व जेथे स्पर्धा शक्य होती, अशा व्यवसायांनाही लावण्यात आले. विमानवाहतूक हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९७८ च्या कायद्याने तिचे मार्ग व भाडी मुक्त करण्यात आली आणि १९८० मध्ये मालमोटारी व रेल्वे यांवरील निर्बंधही सैल झाले.

नैसर्गिक वायू : १९३८ च्या कायद्यान्वये अमेरिकेतील आंतरराज्य वायुवाहिन्या संघशासनाच्या नियंत्रणाखाली आल्या. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंतरराज्य विक्रीच्या वायूची विहिरीपाशी आकारली जाणारी किंमतही या नियंत्रणात येते, असा निर्णय दिला. ही किंमत नीचांकी ठेवली गेली. मात्र राज्यांतर्गत विक्री मुक्त राहिली. परिणामी उत्पादक आपला वायू टेक्सस, लुइझियाना यांसारख्या उत्पादक राज्यांतच विकू लागले, नवीन विहिरी खोदण्याचा उत्साह मंदावला आणि १९७६–७७ च्या कडक हिवाळ्यात उत्तरेकडील राज्यांतील शाळा व कारखाने वायूअभावी बंद ठेवावे लागले. ग्राहकासाठी स्वस्त ठेवलेला वायू ग्राहकालाच मिळेनासा झाला. १९७८ च्या कायद्याने किंमती टप्प्याटप्प्याने मुक्त करण्यास आरंभ झाला व १९८९ च्या कायद्यानुसार उरलेली बंधने १ जानेवारी १९९३ पासून संपली. वाहिन्यांनी वायूची विक्री व वहन हे व्यवसाय वेगळे ठेवावेत, असा आदेश १९९२ मध्ये निघाला. वहनाचे दर मात्र नियंत्रितच राहिले. उत्पादन मुक्त व वाहिनी नियंत्रित, ही या प्रयोगाची विभागणी यशस्वी ठरली.

वीज : विजेच्या बाबतीत हे विभाजन अधिक कठीण आहे. वीज मोठ्या प्रमाणावर साठविणे दीर्घकाळ शक्य नव्हते व आजही ते खर्चाचे आहे. त्यामुळे मागणी व पुरवठा यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. टंचाईच्या वेळी छोट्या उत्पादकासही किंमत चढविण्याची शक्ती प्राप्त होते. कॅलिफोर्नियात १९९६ च्या कायद्यानुसार १९९८ मध्ये विजेचा घाऊक बाजार खुला झाला. वितरण कंपन्यांनी आपली अनेक औष्णिक केंद्रे विकली. त्यांना वीज मुख्यत्वे दैनंदिन बाजारातून घ्यावी लागे आणि ग्राहकांचे दर मात्र गोठविलेले होते. २००० च्या उन्हाळ्यात जलविद्युत् घटली, वायू महागला आणि घाऊक दर भडकले. चढ्या दराने घेऊन उतरत्या दराने विकणाऱ्या वितरण कंपन्या कर्जात बुडाल्या. २००१ च्या आरंभी पाळीपाळीने वीज तोडावी लागली व एप्रिलमध्ये पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या मोठ्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. एनरॉन व अन्य विक्रेत्यांनी बाजारात लबाडी केल्याचे पुढील चौकशीत उघड झाले. जून २००१ मध्ये संघीय आयोगाने पश्चिमेकडील राज्यांत घाऊक दरांवर व्यापक मर्यादा घातली.

भारत : २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग वगळता परवानापद्धती रद्द झाली. पेट्रोलचे दर २०१० मध्ये व डीझेलचे २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. विद्युत् अधिनियम, २००३ अन्वये औष्णिक वीजनिर्मितीस परवान्याची अट राहिली नाही. पारेषण व वितरण यांचे परवाने आणि आयोगांची देखरेख मात्र कायम आहे. एनरॉनच्याच पुढाकाराने रत्नागिरी जिल्ह्यात उभारलेला दाभोळ प्रकल्प या संदर्भात अनेकदा उल्लेखिला जातो. परंतु तो विनियंत्रणाचा नमुना नव्हे. तेथे खुली स्पर्धा नव्हती. १९९३ मध्ये राज्य वीजमंडळाशी स्पर्धात्मक निविदांवाचून दीर्घ मुदतीचा खरेदीकरार झाला होता. महाग वीज मंडळास पेलवेना व २००१ मध्ये निर्मिती थांबली. खाजगी भांडवल आले म्हणजे बाजार निर्माण होतोच असे नाही, हे यावरून दिसते.

मूल्यमापन : विनियंत्रण म्हणजे शासनाची निवृत्ती नव्हे. स्पर्धा शक्य असेल तो भाग मुक्त करणे, मक्तेदारीचा भाग नियंत्रणात ठेवणे आणि संगनमतावर लक्ष ठेवणे, ही तिन्ही कामे शासनाकडेच राहतात. कॅलिफोर्नियातील अनर्थास केवळ बाजार वा केवळ नियंत्रण कारणीभूत नव्हते. खरेदी मुक्त व विक्री बद्ध, ही विसंगती त्याच्या मुळाशी होती. किंमत मुक्त झाल्यावर वाढीव बोजा कोण सोसणार, याचा निर्णय कायदा करतानाच व्हावा लागतो. तो न झाल्यास बोजा अखेर ज्यास दुसरा पर्याय नाही अशा लहान ग्राहकावर वा करदात्यावर येऊन पडतो.