आधी कान, मग माइक

खान्देशात गाणं आता घराच्या मागच्या खोलीत तयार होतं. एक लॅपटॉप, एक साउंड कार्ड, स्टँडवर कंडेन्सर माइक, खिडकीवर गोधडी, आणि टेक संपेपर्यंत पंखा बंद! ‘हाई झुमका वाली पोर’ हे अहिराणी गाणं यूट्यूबवर कोट्यवधी वेळा वाजलं. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूरच्या पोरांना आता पक्कं ठाऊक आहे, की मुंबई न गाठताही गाणं दूरवर पोचतं. ऐकणारेही थोडे नाहीत. २०११ च्या जनगणनेत खान्देशी भाषा नोंदवणारेच १८ लाखांहून जास्त होते.

या खोल्यांत पैसा आधी माइकवर जातो. हेडफोनचा नंबर शेवटी लागतो, आणि पुष्कळदा मोबाइलच्या खोक्यातून आलेलाच कामाला जुंपला जातो. माझं मत याच्या अगदी उलट आहे. पहिला खर्च करायचा तो वायरवाल्या, क्लोज्ड-बॅक स्टुडिओ हेडफोनवर. माइकनं काय टिपलं, हे छोट्या खोलीत खरंखुरं सांगणारं दुसरं काहीच नसतं. का, ते या गमतीजमतींतून बघा.

झाकण कशाला हवं?

क्लोज्ड-बॅक म्हणजे कानावरच्या कपाची बाहेरची बाजू पूर्ण बंद. ओपन-बॅकला तिथं जाळी असते आणि आवाज आत-बाहेर मोकळा फिरतो. जाळीवाल्यांची वाट सेनहायझरच्या एचडी ४१४ नं १९६८ मध्ये पाडली, आणि मिक्सिंगला तो प्रकार आजही अनेकांना आवडतो. पण गायक माइकसमोर उभा राहिला की जाळी घात करते. कानातला ट्रॅक आणि क्लिक बाहेर झिरपतात, माइक ते इमानदारीत टिपतो, आणि गायकाच्या श्वासामागं ‘टिक टिक टिक’ कायमचं चिकटतं. पुढं ढोलकी काढा, ठेका बदला, ती टिकटिक जात नाही. स्टुडिओवाले याला ‘ब्लीड’ म्हणतात. गायक आणि अरेंजर एकाच दहा बाय बाराच्या खोलीत बसत असतील, तर झाकणवाल्याला पर्यायच नाही.

एकेजीच्या के२७१ मध्ये तर याच्यावर एक झकास युक्ती आहे. हेडफोन डोक्यावरून काढला की पट्टीतला स्विच आवाज आपोआप बंद करतो. गायकानं वैतागून हेडफोन गळ्यात टाकला तरी माइकला काही ऐकू जात नाही.

मे महिन्यात खोलीचा सूर चढतो!

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. बारा फूट लांबीच्या खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये खर्जाचा एक सूर अडकतो आणि गुंजत राहतो. तो सूर कोणता, हे आवाजाच्या वेगावर ठरतं, आणि वेग ठरतो हवेच्या तापमानावर. धुळ्याच्या थंडीत पहाटे पारा १० अंशांवर असतो तेव्हा आवाज सेकंदाला सुमारे ३३७ मीटर धावतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४५ अंश झाले की तोच सुमारे ३५७ मीटर. परिणाम असा, की खोलीचा गुंजणारा सूर ४६ हर्ट्‌झवरून ४९ हर्ट्‌झवर जातो. पेटीच्या भाषेत सांगायचं तर एक पट्टी वर, अख्खा अर्धस्वर!

म्हणजे स्पीकरवर ऐकून जानेवारीत जो बेस तुम्ही कमी केला, तो मे महिन्यात चुकीचा ठरू शकतो. गाणं तेच, स्पीकर तेच, खोली बदलली. बरं, भिंतीला गोधड्या लावून हे थांबतं का? नाही. ४९ हर्ट्‌झची लाट सात मीटरहून लांब असते. गोधडी फक्त वरचे, किणकिणते आवाज पिते, खर्ज तिला दाद देत नाही. हेडफोनमध्ये मात्र लाट खोलीत उतरतच नाही, कपातून थेट कानात जाते. लहान खोलीत, पत्र्याखाली, भाड्याच्या घरात काम करणाऱ्याला हा फायदा फार मोठा आहे.

जाता जाता: पावरी, सनई, क्लॅरिनेट या फुंकवाद्यांचा सूरही गरम हवेत थोडा चढतो. डिसेंबरात घेतलेल्या ट्रॅकवर मे महिन्यात सनई चढवणार असाल तर आधी सूर तपासा.

अहिराणी म्हणजे ‘स’चा पाऊस

मराठीतलं ‘आहे’ अहिराणीत ‘शे’ होतं. ‘करतो’चं ‘करस’, ‘जातो’चं ‘जास’. क्रियापद ओळीच्या शेवटी येतं, म्हणजे गाण्याच्या जवळपास प्रत्येक ओळीची शेपटी ‘स’ नाहीतर ‘श’ची. या सिसकाऱ्यांचा जोर साधारण ५ ते ८ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात असतो, आणि स्टुडिओ हेडफोन एकमेकांपासून सगळ्यात वेगळे वागतात ते नेमके याच पट्ट्यात आणि त्याच्या जरा वर.

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ८ हजारांच्या आसपास चांगलाच टोकदार आहे. सोनीचा एमडीआर-७५०६ही उजळ आवाजाचा. असा हेडफोन लावून अहिराणी गाणं ऐकलं की प्रत्येक ‘करस’ सुईसारखा टोचतो. मग हात डी-एसरकडे जातो, ‘स’ कापला जातो, आणि तेच गाणं मोबाइलवर लावलं की ‘करस’चं नुसतं ‘कर’ उरतं. भाषेचा दातच गेला! याउलट मोबाइलबरोबरचा साधा इअरफोन ‘स’ झाकून ठेवतो, आणि मग लग्नात डीजेच्या भोंग्यातून तो फिस्सकन अंगावर येतो.

उपाय सोपा आहे. घरातल्या माणसाला समोर बसवून अहिराणीत दोन मिनिटं बोलू द्या. ते रेकॉर्ड करा, लगेच हेडफोनवर ऐका, आणि समोरचा आवाज कानांनी जसा आला त्याच्याशी ताडून पाहा. तुमचा हेडफोन ‘स’ वाढवतो की खातो, हे त्या दोन मिनिटांत कळतं. हिंदी-मराठी गाण्यासाठी बांधलेला डी-एसरचा प्रीसेट अहिराणीला जसाच्या तसा लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वयंपाकघरातून निघालेला हेडफोन

आधुनिक हेडफोनचा जन्मही घरातलाच. अमेरिकेत युटा राज्यातल्या नॅथॅनियल बाल्डविन यांनी १९१० मध्ये आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन जोडले आणि थेट अमेरिकी नौदलाला पाठवले. बायरनं १९३७ मध्ये डीटी ४८ काढला. संगीतासाठीचा स्टिरिओ हेडफोन जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये आणला. आणि साउंड कार्डात आज आपण जी जाडी पिन खुपसतो ती कुणाची? १९ व्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजची! ऑपरेटर बाई ज्या पिनेनं दोन माणसांचं बोलणं जोडून द्यायच्या, तीच ही ६.३५ मिलिमीटरची पिन.

शाहिरांचा हात आणि एक कान मोकळा

शाहीर पोवाडा गाताना कानावर हात का धरतात? स्वतःचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून. दोन्ही कानांवर बंद कप चढले की मात्र उलटंच होतं. स्वतःचा आवाज हाडांतून येऊन डोक्यात घुमतो, जाड आणि बोजड वाटतो, आणि चांगला गाणाराही सुरावरून घसरतो. म्हणून जाणते गायक एक कप कानामागं सरकवतात. सरकवा, पण तो कप डोक्याला चिकटून राहू द्या. हवेत उघडा राहिला तर पुन्हा ब्लीड. त्याहून बरं म्हणजे त्या बाजूचा आवाजच बंद करा.

८० ओहम की २५०?

डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा रूपांत मिळत आलाय, आणि घेणारा इथंच गोंधळतो. जास्त ओहम म्हणजे जास्त दर्जा नव्हे. ३२ ओहमच्या मानानं २५० ओहमला तेवढ्याच शक्तीसाठी जवळपास पावणेतीनपट व्होल्टेज लागतं. ते मोबाइल किंवा स्वस्त साउंड कार्डाकडे नसलं तर आवाज मिणमिणता येतो. घरच्या खोलीसाठी ८० किंवा त्याखालचा घ्यावा. सोनीचा ७५०६ आहे ६३ ओहमचा, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ चा.

एका पिनेला स्प्लिटर लावून दोघं ऐकत असाल तर दोन्ही हेडफोन एकाच मॉडेलचे ठेवा. नाहीतर एकाला जास्त, एकाला कमी ऐकू येतं आणि भांडण गायकाशी होतं.

ब्लूटूथवर गाणं म्हणजे ६८ मीटरवरून गाणं

ब्लूटूथ हेडफोनला आवाज पोचवायला साध्या कोडेकवर सेकंदाचा पाचवा भाग सहज लागतो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज ६८ मीटर जातो. म्हणजे ढोलकीवाला मैदानाच्या त्या टोकाला, गायक या टोकाला. ऐकायला चालेल, गायला अजिबात नाही. वायरच हवी.

घाम, चष्मा आणि ट्रक

क्लोज्ड-बॅकचा सगळा खेळ सीलवर चालतो. गादी कानाभोवती घट्ट बसली तरच खर्ज टिकतो. चष्म्याची जाड काडी मध्ये आली की फट पडते आणि बेस गळतो. मग तुम्ही ईक्यूवर बेस वाढवता, आणि डीजेच्या गाडीवर खिडक्या थरथरतात. घाम येतो म्हणून कानाशी रुमाल धरणंही तितकंच घातक. आपल्या उन्हाळ्यात रेक्झिनच्या गाद्या लवकर सोलतात. डीटी ७७० च्या मखमली गाद्या इथं जास्त सुखाच्या. कोणताही घ्या, गाद्या वेगळ्या विकत मिळतात का ते आधी पाहा.

आणि ट्रक! धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. सेनहायझरचा एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज कमाल ३२ डेसिबलनं अडवतो, म्हणजे आवाजाचा दाब सुमारे ४० पट कमी. पण हे प्रामुख्यानं वरच्या सुरांना लागू. ट्रकची खालची घरघर झाकणातूनही आत येते. हायवेला लागून घर असेल तर मिक्सिंगला रात्रीची वेळ निवडा. रात्री १० नंतर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळं भोंगेही बंद असतात.

सातपुड्यात, हेडफोन लावून

क्लोज्ड-बॅकची खरी परीक्षा खोलीबाहेर होते. होळीच्या आधी चोपडा, शिरपूर भागात भोंगऱ्याचे बाजार भरतात, पावरा समाजाचे प्रचंड ढोल घुमतात. साक्री तालुक्यात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजते. तिथं माइक लावणाऱ्याला आपण ढोल ऐकतोय की माइकनं घेतलेला ढोल ऐकतोय, हेच समजत नाही, कारण इतका मोठा आवाज झाकण भेदून आत येतो. एक मिनिट रेकॉर्ड करायचं, शंभर पावलं लांब जायचं, हेडफोनवर ऐकायचं, आवाज फाटला असेल तर लेव्हल खाली आणायची आणि परत यायचं. हे कष्ट घेतले तरच ते रेकॉर्डिंग पुढच्या पिढीच्या उपयोगाचं.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची (१८८०-१९५१) गाणी घरच्या माणसांनी ऐकून वहीत उतरवली, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आपल्याकडे आज वहीबरोबर माइकही आहे.

हेडफोन कुठं फसवतो?

तीन ठिकाणी. पहिलं, डाव्या कानाला फक्त डावं आणि उजव्याला फक्त उजवं ऐकू येतं, म्हणून कोरस भव्य वाटतो. मोबाइलच्या एका स्पीकरवर तोच कोरस विरून जातो. मिक्स मोनोत ऐकल्याशिवाय अपलोड करू नका. दुसरं, बेस हेडफोनमध्ये कानालाच कळतो, छातीला नाही, म्हणून हात वाढवायलाच जातो. तिसरं, आवाजाची पातळी. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं. रोज एकाच पातळीवर ऐका, आणि ती बेताची ठेवा. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची सुरक्षित मर्यादा मानतात, दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही दुकानात परत मिळत नाही.

मग घ्यायचा कोणता?

सोनीचा ७५०६ बाजारात आला १९९१ मध्ये, आणि जवळजवळ त्याच रूपात आजही विकला जातो. साधारण दहा हजारांच्या आसपास. तीन मीटरची पिळाची वायर, हलका, घडी होणारा. वायर तुटली तर मात्र डाग द्यावा लागतो. एम५०एक्सची वायर वेगळी निघते, घडीही होते, पण बेस जरा पुढं. डीटी ७७० सगळ्यात आरामाचा. तिघांपैकी एकच निवडायचा झाला तर गायन रेकॉर्ड करणाऱ्या खोलीसाठी मी ७५०६ सुचवेन, आणि चार-पाच तास सलग बसणाऱ्या अरेंजरला ८० ओहमचा डीटी ७७०.

नकली मालापासून सावध राहा. ७५०६ आणि एम५०एक्स या दोन्हींच्या नकला बाजारात आहेत. जळगावच्या गोलाणी मार्केटात घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, पण जीएसटीच्या बिलावर आणि कंपनीच्या वॉरंटीसह. बघायला जाताना रोज ऐकता ते गाणं बरोबर न्या, आणि चष्मा असेल तर तो लावूनच ऐका. आणि हेडफोन हातात आला की पहिलं रेकॉर्डिंग घरातल्या आजीनं गायलेल्या कानबाई देवीच्या गाण्याचं करा. गाण्याची चाल पुढच्या वर्षीही सुचेल, आजीचा आवाज या वर्षीच घेऊन ठेवा.