‘फायलिंग’ की ‘फिलिंग’? एका ‘एल’चा फरक

बी.कॉम. झाल्यावर एका कर सल्लागाराकडं कामाला लागलो. पहिल्याच आठवड्यात पत्रात ‘रिटर्न फायलिंग’ लिहिताना दोन ‘एल’ टाकले. साहेबांनी एक खोडला, कारण सांगितलं नाही. आपण मराठीत रिटर्न ‘भरतो’च, त्यामुळं ‘फिलिंग’मध्ये काय चुकलं हे मला बरीच वर्षं कळलं नाही.

कारण सोपं आहे. इंग्रजी शब्द तुकड्यातुकड्यानं बोलला जातो, त्याला सिलेबल म्हणतात. तुकडा स्वरावर संपला तर उघडा, व्यंजनावर संपला तर बंद. उघड्या तुकड्यात स्वर बहुधा स्वतःच्या नावानंच बोलतो. ‘टायगर’मध्ये ‘आय’, ‘पेपर’मध्ये ‘ए’, ‘म्युझिक’मध्ये ‘यू’. बंद तुकड्यात तोच आखूड होतो, जसं ‘रॅबिट’, ‘बटन’.

मध्ये एकच व्यंजन असेल तर ते सहसा पुढच्या तुकड्यात जातं आणि मागचा उघडा राहतो: फाय-लिंग, सु-पर, डाय-नर. तेच व्यंजन दोनदा लिहिलं की पहिलं मागं थांबून दार लावतं. मग होतं फिलिंग, सपर, डिनर. दोन वेगळी व्यंजनं असली तरी बहुतेक वेळा तसंच, ‘डॉक-टर’ बघा.

आपली पोरं अडतात ती इथंच. ‘अण्णा’, ‘अक्का’ म्हणताना आपल्याकडं जोडाक्षर खरंच जोर देऊन वाजतं, कन्नडमध्येही तसंच. म्हणून ती ‘डिन्नर’, ‘सप्पर’ वाचतात. इंग्रजीतलं ते जादा अक्षर वाजवायचं नसतं, ते फक्त मागचा स्वर आखडण्यासाठी असतं. शिवाय देवनागरीत स्वर कोणता ते अक्षरावरच दिसतं, इंग्रजीत पुढं बघून ठरवावं लागतं. हे कुणी सांगितलेलं नसतं. मराठी शाळेतलं पोर वर्गात मोठ्यानं वाचायला उभं राहतं, एकदा हसं होतं, आणि पुढं वर्षभर हात वर करत नाही.

नियम शंभर टक्के चालत नाही, हेही सांगून टाकतो. ‘लेमन’, ‘लिमिट’मध्ये एकच ‘एम’, तरी पहिला तुकडा बंद. ‘सेव्हन’चंही तेच, ‘व्ही’ इंग्रजीत सहसा दोनदा लिहीतच नाहीत. अशा वेळी आधी उघडा धरून वाचायचं, ‘लीमन’ ओळखीचं वाटलं नाही की बंद करून बघायचं.

आज घरी पोराला ‘होपिंग’ एका ‘पी’नं आणि ‘हॉपिंग’ दोन ‘पी’नं लिहून द्या आणि वाचायला सांगा. आणि रिटर्नच्या दिवसांत बाजारातल्या पाट्या बघा, दोन ‘एल’ अजून सापडतात.