गर्भाच्या गळ्यातील ग्रंथीचे माप

गर्भाची थायरॉईड ग्रंथी जिभेच्या मुळाशी उगम पावते, खाली सरकत मानेत स्थिरावते आणि साधारण १२व्या आठवड्यापासून आयोडीन शोषून स्वतःचे संप्रेरक तयार करू लागते. मात्र गर्भारपणाच्या मध्यापर्यंत ही निर्मिती तोकडी असल्याने तोवर गर्भाच्या मेंदूची भिस्त मुख्यतः मातेच्या थायरॉक्सिनवर असते.

प्रत्येक गर्भारपणात या ग्रंथीचे माप घेण्याची गरज नसते. ती भासते मुख्यतः मातेला ग्रेव्हज आजार असल्यास, म्हणजे तिच्याच शरीरातील प्रतिपिंडे थायरॉईडला अखंड उत्तेजित करत असल्यास. ही प्रतिपिंडे वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात आणि मातेची ग्रंथी पूर्वी शस्त्रक्रियेने काढलेली असली तरी रक्तात टिकून राहू शकतात. त्यामुळे ‘आजार बरा झाला’ म्हणून तो इतिहास डॉक्टरांना न सांगणे धोक्याचे ठरते.

सोनोग्राफीत गर्भाच्या मानेचा आडवा छेद घेऊन श्वासनलिकेला बिलगलेल्या ग्रंथीची रुंदी व परिघ मोजतात आणि त्या आठवड्याच्या तक्त्याशी ताडून पाहतात. माप ९५व्या शतमकापलीकडे, म्हणजे त्या वयाच्या १०० पैकी ९५ गर्भांच्या मापाहून अधिक असेल, तर गलगंड मानला जातो. गर्भाने हनुवटी छातीला टेकवली असेल, तर हा छेद मिळवताना कसलेल्या हातांचीही परीक्षा होते.

खरी अडचण मोजल्यानंतर सुरू होते. प्रतिपिंडांनी ग्रंथी अतिक्रियाशील झाली तरी ती फुगते आणि मातेची थायरॉईडविरोधी औषधे वारेतून जाऊन ती मंदावली तरीही फुगते. कारणे परस्परविरुद्ध, उपायही परस्परविरुद्ध. म्हणून एकट्या आकड्यावर विसंबणे चुकीचेच. मातेच्या रक्तातील प्रतिपिंडांची पातळी व औषधांची मात्रा यांच्या जोडीला गर्भाच्या हृदयाची गती आणि मांडीच्या हाडाच्या टोकाशी दिसणारे अस्थिकेंद्र पाहतात: सतत १६० वरची गती आणि वेळेआधी पक्व होणारी हाडे अतिक्रियेकडे बोट दाखवतात, तर रेंगाळलेली अस्थिवाढ मंदत्वाकडे. तरीही उलगडा न झाल्यास नाळेतून गर्भाचे रक्त घेता येते. पण त्यात गर्भ दगावण्याचा धोका असल्याने तो मार्ग अखेरचा.

निदान मंदत्वाचे ठरल्यास आधी मातेचे औषध कमी करतात, आणि तेवढ्याने न भागल्यास निवडक प्रसंगी गर्भजलात थायरॉक्सिन सोडतात, जे गर्भ गिळतो. अतिक्रिया असल्यास तेच थायरॉईडविरोधी औषध मातेला देऊन वारेवाटे गर्भापर्यंत पोहोचवतात. त्यानंतर ठरावीक अंतराने पुन्हा माप घेतात, कारण मोठा गलगंड अन्ननलिका दाबून गर्भजल वाढवू शकतो आणि जन्मताच श्वासमार्ग अडवू शकतो.