तहकुबीनंतरचे मृत : स्टॉर्नोवे येथील एक नोंद व स्मारकलेखांतील कालमर्यादा

स्मारकशिलेवर दोन सन कोरलेले असले, कीं वाचणारा त्यांवरून नजर फिरवून खालच्या नांवांकडे वळतो. त्या सनांत विचार करण्यासारखें कांहीं असेल, असें त्यास वाटत नाहीं. आम्हांसही पुष्कळ दिवस वाटलें नव्हतें. परंतु पहिल्या महायुद्धाच्या स्मारकांवर कोठें १९१४-१९१८ व कोठें १९१४-१९१९ असा पाठभेद वारंवार आढळूं लागला, तेव्हां त्याचा उलगडा करून घेण्याची इच्छा झाली. स्कॉटलंडच्या वायव्येस लुइस नांवाचें बेट आहे. त्यावरील स्टॉर्नोवे ह्या बंदराच्या गांवीं जें घडलें, त्यावरून ह्या पाठभेदांत केवढा अर्थ सांठविलेला असतो तें कळून येतें.

११ नोव्हेंबर १९१८ रोजीं युद्ध थांबलें. लुइस बेटाची वस्ती तेव्हां तीस हजारांच्या आंतबाहेर. त्यांतून सुमारें सहा हजार पुरुष सैन्यांत व आरमारांत गेले होते आणि हजाराच्या आसपास प्राणांस मुकले. जे वांचले त्यांपैकीं आरमाराच्या राखीव दलांतील बऱ्याच खलाशांस नववर्षाकरितां घरीं जाण्याची रजा मिळाली. तिकडे त्या काळीं नाताळापेक्षां नववर्षाचाच सण मोठा मानीत. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळीं मुख्य भूमीवरील काइल ऑफ लोखाल्श बंदरांत आगगाड्यांनीं इतके लोक येऊन उतरले, कीं नेहमींच्या टपालबोटींत ते मावेनात. म्हणून आरमाराची 'आयोलेअर' ही नौका त्यांस नेण्याकरितां आणविली होती. साडेसातच्या सुमारास ती निघाली. १ जानेवारी १९१९ रोजीं, रात्रीं दोन वाजण्यास कांहीं मिनिटें असतां, स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशींच ती खडकांवर आदळली. ह्या खडकांस तेथील लोक 'होमचीं श्वापदें' म्हणतात. बंदराचे दिवे जवळच दिसत होते आणि किनारा हाकेच्या अंतरावर होता. परंतु वारा व लाटा ह्यांपुढें पोहणाऱ्यांचें कांहीं चालेना. नौकेवर सुमारें शंभर माणसांपुरत्या होड्या व ऐशींच्या आसपास तरंगपट्टे होते. माणसें मात्र अडीचशेंहून अधिक. नेस गांवच्या जॉन एफ. मॅक्लाउड ह्यानें दोर घेऊन किनारा गांठला व त्या दोराच्या आधारें चाळीसेक जण बाहेर आले. एक जण डोलकाठीस बिलगून उजाडेपर्यंत तगला. घरोघर स्वागताकरितां शेगड्या पेटलेल्या होत्या. सकाळीं किनाऱ्यावर प्रेतें ओळखण्याचें काम चाललें.

येथें जुन्या कागदांच्या संग्राहकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. 'आयोलेअर' ह्या गेलिक शब्दाचा अर्थ गरुड. तें नांव मूळचें दुसऱ्याच नौकेचें होतें, व स्टॉर्नोवेच्या आरमारी तळासही तेंच चालत असे. बुडालेली नौका १८८१ सालीं लीथ येथें बांधलेली. युद्धकाळीं ती 'अमाल्थिया' ह्या नांवानें नोंदली होती. अपघातापूर्वीं थोडेच दिवस दोन्ही नौकांच्या नांवांची अदलाबदल झाली. तेव्हां १९१७ सालच्या एखाद्या पत्रांत 'आयोलेअर' हें नांव सांपडलें, तर ती हीच नौका असें समजणारा संशोधक फसेल. एकच नांव आजोबा व नातू ह्या दोघांस असलेल्या आमच्या घराण्यांच्या वंशावळी ज्यांनीं तपासल्या आहेत, त्यांस ह्या घोटाळ्याची जात ओळखीची वाटेल.

मृतांच्या संख्येचेंही असेंच झालें. काइलच्या धक्क्यावर नौकेंत चढणाऱ्यांची नांवनिशी कोणी टिपून घेतली नव्हती. त्यामुळें बुडाले कोण, हें कोण घरीं पोहोंचला नाहीं यावरून ठरवावें लागलें. बहुत वर्षें २८४ पैकीं २०५ हा आंकडा छापला जात असे. अलीकडे शंभर वर्षें पुरीं होण्याच्या सुमारास एकेक नांव ताडून पाहण्यांत आलें, तेव्हां २८० पैकीं २०१ हा आंकडा निश्चित झाला. वांचलेले दोन्ही हिशेबांनीं ७९ च राहतात. जिवंतांची मोजणी बरोबर असावी व मृतांची चुकावी, हें स्वाभाविकच. मृतांपैकीं १७४ लुइसचे, ७ शेजारच्या हॅरिसचे व बाकीचे बहुतेक नौकेवरील नोकर.

फेब्रुवारी १९१९ मध्यें स्टॉर्नोवे येथें पंचांपुढें चौकशी झाली. बंदराकडे येतांना अधिकाऱ्यांनीं पुरेशी सावधगिरी बाळगली नाहीं, वेग कमी केला नाहीं, तरंगपट्टे व होड्या अपुऱ्या होत्या, असा पंचांचा निर्णय आहे. पण सुकाणूवर असलेल्या अधिकाऱ्यांपैकीं कोणीच उरला नसल्यामुळें चूक कशी झाली, ह्याचा उलगडा झाला नाहीं.

आतां मूळ प्रश्न. हीं माणसें युद्धांत मेलीं असें म्हणावें काय? पाणिनीच्या व्याकरणांत 'आ' ह्या अव्ययाचे मर्यादा व अभिविधि असे दोन अर्थ सांगितले आहेत. मर्यादेंत सीमेची वस्तु वगळली जाते, अभिविधींत ती धरली जाते. 'युद्धाच्या अंतापर्यंत' ह्या शब्दांत तर त्याहून मोठी अडचण आहे, ती म्हणजे अंतच अनेक आहेत. ११ नोव्हेंबरची ती केवळ तहकुबी. जर्मनीशीं तह झाला तो २८ जून १९१९ रोजीं. आणि ब्रिटिश कायद्यानें युद्ध संपलें तें ३१ ऑगस्ट १९२१ रोजीं. साम्राज्याच्या युद्धसमाधि मंडळानें ही शेवटची तारीख धरली. सेवेंत असतां त्या दिवसापर्यंत जो मेला, मग तो गोळीनें, इन्फ्लुएंझानें कीं बुडून, तो यादींत आला. ज्यांस सेवेंतून मुक्त केलें होतें, त्यांचें मरण मात्र सेवेमुळेंच ओढवलें असें सिद्ध व्हावें लागे. आणि विषारी वायूनें फुप्फुसें झिजलेला एखादा शिपाई १९२२ सालीं मेला, तर त्यास मंडळाच्या यादींत स्थान नाहीं. दुसऱ्या महायुद्धाकरितां हीच मर्यादा ३१ डिसेंबर १९४७ ठरली.

ह्या नियमानें लुइसचे खलाशी निःसंशय युद्धमृत ठरतात. ज्यांचीं प्रेतें मिळालीं त्यांचें त्यांच्या त्यांच्या गांवच्या स्मशानांत दफन झालें. ज्यांचीं मिळालीं नाहींत त्यांचीं नांवें दक्षिण इंग्लंडांतील आरमारी स्मारकांवर आहेत. परंतु गांवोगांवचीं स्मारकें मंडळानें उभारलेलीं नव्हत. तीं स्थानिक समित्यांनीं आपापल्या समजुतीनें उभारलीं. म्हणून एकच मृत दोन शिलांवर असतो, किंवा एकीवरही नसतो. ज्या समितीनें १९१८ कोरण्याचें ठरविलें तिला तहकुबीनंतरच्या मृतास जागा देण्यासाठीं स्वतःच्याच सनाविरुद्ध जावें लागे. १९१९ कोरणारांस ती अडचण नव्हती.

स्टॉर्नोवेजवळच्या टेकडीवरील बुरुजाचें उद्घाटन १९२४ सालीं झालें. अपघाताच्या जागीं स्वतंत्र स्तंभ उभा राहावयास मात्र सुमारें चाळीस वर्षें लागलीं. ह्या विलंबाचें कारण निष्काळजीपणा नव्हे. वांचलेले लोक आपल्या मुलांपाशींही त्या रात्रीविषयीं बोलत नसत, असें तेथील वृद्धांच्या मुलाखतींवरून समजतें. १ जानेवारी २०१९ रोजीं शतसांवत्सरिक झालें तेव्हां वांचलेल्यांपैकीं कोणीही हयात नव्हता.

आमच्या इकडेही ह्याच युद्धाच्या शिला आहेत. सातारा जिल्ह्यांत व इतरत्र 'ह्या गांवांतून इतके लोक महायुद्धांत गेले, त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले' अशा आशयाच्या लहान इंग्रजी पाट्या सरकारनें बसविल्या, त्यांवर १९१४-१९१९ असाच सन आहे. म्हणजे तहकुबीनंतर मेलेला मराठा शिपाई त्या हिशेबांत येऊं शकतो. पण लुइसशीं तुलना करतां मोठा भेद असा, कीं तिकडे १९२० सालीं गांववार नांवें देणारा ग्रंथच छापून निघाला होता, आणि आमच्या पाटीवर नुसता आंकडा आहे. मेलेल्यांपैकीं तहकुबीपूर्वींचे किती व नंतरचे किती, हें पाटी सांगत नाहीं. तीं नांवें पेन्शनच्या कागदांत, पदकांच्या कडांवर व घरच्या चोपड्यांतच शोधलीं पाहिजेत. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नांव व पलटण हीं कोरलेलीं असतात. पुष्कळ घरांतून तीं पदकें चांदीच्या भावानें मोडीस गेलीं.

ज्या वाचकांच्या गांवीं अशी पाटी असेल त्यांनीं तिचा ठसा अथवा छायाचित्र, व ज्यांच्या घरीं पदक असेल त्यांनीं त्याच्या कडेवरील अक्षरांची नक्कल, आमच्याकडे पाठवावी. नक्कल करतांना सन जसा कोरला असेल तसाच उतरून घ्यावा. १९१९ चें १९१८ करून 'शुद्ध' करूं नये.