तेरड्याचा रंग तीन दिवस : गावातल्या नेल आर्टचा खरा हिशोब

आजचा लेख थोडा लांब आहे. चहा घेऊन बसा, आणि जवळ वही-पेन ठेवा, कारण मधे आकडेमोड आहे.

आषाढ संपत आला होता तेव्हाची गोष्ट. उमापूरहून एका ताईंचा फोन आला. उमापूर म्हणजे आपल्या बीड जिल्ह्यातलं, गेवराई तालुक्यातलं. ताई आणि त्यांचे मालक दरवर्षी दसरा झाला की कारखान्याला जातात, ऊसतोडीला. त्या म्हणाल्या, "सर, पोरगी पाचवीला गेली. दरसाली तिची शाळा तुटते. ह्या वर्षी मला जायचं नाही. नेल आर्टचं किट बघून ठेवलंय, 11 हजाराचं. दिवा, जेल, सगळं आहे त्यात. बचत गटातून पैसे उचलू का?"

मी म्हटलं, "ताई, आठ दिवस थांबा. मी हिशोब करून सांगतो."

आता मी पुरुष माणूस, नखांमधलं मला काय कळतंय, असं तुम्ही म्हणाल. खरंय. म्हणून आठ दिवस मी घरी बसून स्वतः नखं रंगवली. पहिला संच बिघडला. काळ्यावर पांढरे ठिपके दिले आणि घाई करून लगेच टॉप कोट फिरवला, तर सगळा राखाडी चिखल झाला. बायको हसून म्हणाली, "मेंदी काढायची तरी वाट बघता का तुम्ही?" पण तीन संच होईपर्यंत ह्या धंद्याचं गणित माझ्या लक्षात आलं.

गावात बाईचं नख किती दिवस टिकतं?

पहिला प्रश्न हाच. पुण्या-मुंबईत जेलची नखं दोन-तीन आठवडे टिकतात म्हणून बाई हजार-दीड हजार रुपये मोजते. उमापूरच्या बाईला तिसऱ्या दिवशी खुरपायला जायचंय, भाकरी थापायची आहे, शेण काढायचंय. लांब नख भाकरीच्या पिठात रुततं, आणि ओल्या कामात कडेनं उचकटतं. उचकटलेल्या नखाखाली पाणी साचलं की संसर्ग होतो, नख हिरवट पडतं. म्हणजे शहरातला जो माल "टिकतो" म्हणून विकला जातो, तोच माल गावात "टिकतो" म्हणून अडचणीचा ठरतो.

आपल्याकडे म्हण आहे, तेरड्याचा रंग तीन दिवस. आपण ती नावं ठेवायला वापरतो. गंमत बघा, कोरियात ह्याच तेरड्याची फुलं-पानं वाटून मुली नखं रंगवत आल्या आहेत. मी ताईंना म्हटलं, तीन दिवसांचाच रंग विका. नागपंचमीला लावलं, झोका खेळून झाला, फोटो निघाले, दुसऱ्या दिवशी काढून डबीत ठेवलं. पुढच्या लग्नाला पुन्हा तेच.

ह्याला प्रेस-ऑन म्हणतात. प्लॅस्टिकची तयार कोरी नखं आणायची, त्यावर घरी नक्षी काढायची आणि दहा नखांचा संच डबीत घालून विकायचा. गिऱ्हाईक चिकट टॅबनं घरच्या घरी लावतं. ह्यात तीन फायदे आहेत. दिवा लागत नाही, म्हणजे लाइट गेली तरी काम चालू. गिऱ्हाइकाला दोन तास समोर बसवावं लागत नाही. आणि हा तिसरा महत्त्वाचा : माल आधी करून ठेवता येतो.

जेलबद्दल एवढंच सांगतो की शिकल्याशिवाय हात घालू नका. जेलमध्ये अ‍ॅक्रिलेट असतं. दिव्याखाली पूर्ण न वाळलेलं जेल कातडीला पुन्हा पुन्हा लागलं की अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि ती झाली की सहसा जन्मभर राहते. पुढे दातात भरायच्या सिमेंटचाही त्रास होऊ शकतो, कारण तोही त्याच जातीचा माल. युरोपियन युनियननं तर जेलमधल्या टीपीओ नावाच्या घटकावर 1 सप्टेंबर 2025 पासून बंदीच घातली आहे. सौंदर्यप्रसाधन कुठलंही घ्या, लेबलवर बनवणाऱ्याचं नाव, बॅच नंबर आणि वापराची मुदत नसेल तर दुकानदाराला परत द्या. बाहेरून आयात केलेला माल असेल तर आयात नोंदणी क्रमांकही बघा.

थीम कुठून आणायची?

इंटरनेटवर बघाल तर हॅलोविन, ख्रिसमस, बर्फाचे तुकडे. आपल्याकडे कोण घेणार? थीम तुमच्या कॅलेंडरमध्ये आहे, भिंतीवर टांगलेलीच आहे.

संक्रांत घ्या. चंद्रकळा काळी, हलव्याचे दागिने पांढरे. काळ्या नखावर पांढरे ठिपके, झाली थीम. नवशिक्या हातालाही जमते. ठिपक्याला डॉटिंग टूल नसेल तर टाचणीचं डोकं पेन्सिलीच्या रबरात खोचा. मोठ्या ठिपक्याला संपलेली रिफिल. हलव्याला काटा असतो ना, तसा एका मोठ्या ठिपक्याभोवती पाच-सहा बारके द्या, लगेच हलवा दिसतो. रंग मात्र नेलपेंटचा नको, पाण्यात कालवायचा अ‍ॅक्रिलिक घ्या. चुकलं तर ओल्या कापसानं पुसता येतं, खालचं काळं बिघडत नाही. पूर्ण वाळू द्या आणि मगच टॉप कोट. माझ्यासारखं करू नका.

नवरात्राला नऊ रंग असतात. रंगांचा क्रम दरवर्षी बदलतो, म्हणून "पहिल्या दिवसाचा पांढरा" असा एका दिवसाचा संच करून ठेवाल तर पडून राहील. त्यापेक्षा नऊ नखांना नऊ रंग आणि दहाव्या नखावर दोन टिपऱ्या. हा संच नऊही दिवस चालतो.

लग्नाला पैठणी. गोदावरीच्या पल्याड पैठण, तेव्हा ही तर आपल्या घरचीच थीम. फ्रेंच मॅनिक्युअर म्हणतात ना, नखाच्या टोकाला पांढरी पट्टी, तीच पट्टी सोनेरी केली की झाला पैठणीचा काठ. सुरुवातीला मोर काढायला जाऊ नका, बहुतेकींचा कोंबडा होतो. नारळी काठाचे बारके त्रिकोण काढा. ते सरळ रेघांचे आहेत, तीन शून्यांच्या बारीक ब्रशनं किंवा काडीनंही येतात. हात बसला की फक्त अनामिकेच्या नखावर एक मुनिया, म्हणजे काठावरचा पोपट. बाकी नखं साधी. सगळ्या नखांवर नक्षी केली की नजर कुठंच ठरत नाही.

एक सावधगिरी. महालक्ष्म्यांच्या सणाला देवीची पावलं, मुखवटे नखांवर काढू नका. नख खरकट्याला लागतं, पायाशी जातं, आणि एखादी आजी जे बोलेल ते गावभर होईल. फुलं काढा, कमळ काढा, तेरडा काढा.

मापाचं काय? नखांच्या मापाला नंबर असतात. बहुतेक पाकिटांत 0 ते 9, आणि 0 सगळ्यात रुंद. गिऱ्हाइकाच्या नखावर सेलोटेप आडवा लावा, दोन्ही कडांना पेनानं खूण करा, टेप वहीत चिकटवा, पट्टीनं मोजा. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. हे पान तुमचं भांडवल आहे, कारण पुढच्या सणाला तिला फक्त फोन करायचाय. कष्टाच्या हाताचा अंगठा रुंद असतो, तेव्हा रुंद मापाचे, म्हणजे लहान नंबर जास्त लागतील.

आता वही उघडा

आकडे मी उदाहरण म्हणून धरलेत, तुम्ही तुमच्या बाजारातले टाका. मजुरीला गावातल्या खुरपणीची रोज धरा. समजा 300 रुपये सहा तासांचे, म्हणजे तासाला 50. "घरीच तर करते" म्हणून स्वतःची मजुरी शून्य धरणं हा आपल्या बायकांचा सगळ्यात मोठा तोटा, हे मी प्रत्येक व्हिडिओत सांगतो, आजही सांगतो.

सणाचा साधा संच : कोरी नखं, रंग, टॉप कोट, टॅब, डबी मिळून 45 रुपये. वेळ, एकेक संच केला तर दीड तास जातो. पण दहा संच एकदम मांडले, आधी शंभर नखांना काळा, मग शंभरांना ठिपके, असं केलं तर संचाला साधारण 35 मिनिटं. म्हणजे मजुरी 30. विकणाऱ्याला 20. झाले 95. विक्री 120 ला केली तर वर 25. मजुरी धरून तुमच्या हातात संचामागे 55 रुपये. एका सणाला 40 संच गेले तर 2,200.

लग्नाचा ऑर्डरचा संच : साहित्य 60, चार तासांची मजुरी 200, विकणाऱ्याला 50, एकूण 310. विक्री 350. हातात 240. लग्नसराईत दहा ऑर्डरी आल्या तर 2,400.

हे आकडे बघून मी ताईंना स्पष्ट सांगितलं. तीन सण आणि एक लग्नसराई धरली तर नऊ हजार रुपये हातात. दोघांच्या कोयत्याची उचल ह्यातून निघणार नाही, ह्या वर्षी तर नाहीच. नेल आर्टच्या भरवशावर मुकादमाला नाही म्हणू नका. आणि 11 हजाराचं किट घेतलं असतं, तर वर्षाची सगळी कमाई त्या हप्त्यातच गेली असती.

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग पोरीच्या शाळेचं?"

हा प्रश्न धंद्याचा नाही, पण टाळताही येत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. शाळेच्या पातळीवर हंगामी वसतिगृहाची सोय असते, मुलं गावात नातेवाइकांकडे राहतात आणि जेवणाची व्यवस्था होते. मुख्याध्यापकांना दसऱ्याच्या आधीच भेटा, गावातून निघायच्या आदल्या दिवशी नको. आणि ताई स्वतः थांबणार असतील तर नखांच्या जोडीला मेंदी आणि ब्लाऊजचं काम लागेल. तीन कामं, एकच गिऱ्हाईक.

गावाचा हंगामही बघा. नागपंचमी, महालक्ष्म्या, नवरात्र, तोवर गाव भरलेलं. दसऱ्यानंतर टोळ्या निघाल्या की निम्मी गिऱ्हाइकं फडावर. संक्रांतीचा माल म्हणून कमीच करा, गावात थांबलेल्या घरांपुरता. थंडीचे ते महिने लग्नाचे संच करण्यात घालवा. टोळ्या परत आल्या की आखाजीच्या आसपास लग्नांचा धडाका, तेव्हा डबी तयार पाहिजे. उन्हाळ्यात नेलपेंट पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, घट्ट होतं. घट्ट झालं म्हणून रिमूव्हर ओतू नका, माल वाया जातो. त्याचं थिनर वेगळं मिळतं.

विकायचं कुठं? दुकान नको. लग्नघरी चुडा भरायला कासार येतो, त्याच्या हातात बाईचा हातच असतो! त्याच्याकडे पुठ्ठ्यावर लावलेले तीन नमुने ठेवा. मेंदी काढणाऱ्या मुलीकडे ठेवा, कारण मेंदीच्या फोटोत नखं दिसतातच. शिंपीणताईंकडे ठेवा, साडीचा रंग आधी त्यांना कळतो.

"गरीब गिऱ्हाइकात काय धंदा" असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. 1975 साली व्हिएतनाम युद्धातून निसटलेल्या बायका कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या छावणीत होत्या. 'द बर्ड्स' सिनेमातली नटी टिपी हेड्रन तिथं मदतीला जायची. बायकांना तिची नखं आवडली, म्हणून तिनं आपली मॅनिक्युअर करणारी बाई आणली आणि 20 जणींना काम शिकवलं. तेव्हा अमेरिकेत नखं करून घेणं श्रीमंतांचं काम होतं. ह्या बायकांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी दर खाली आणले, साध्या नोकरदार बाईला परवडेल असे केले. आज अमेरिकेतल्या नखांच्या व्यवसायात व्हिएतनामी लोकांचा वाटा सगळ्यात मोठा आहे.

राहिलेल्या दोन-चार गोष्टी भरभर. गोंद वापरणार असाल तर लक्षात ठेवा, तो सुती कपड्यावर सांडला तर एकदम तापतो आणि भाजतं. पोरांपासून लांब ठेवा. रिमूव्हर चुलीजवळ, गॅसजवळ नको, भडका उडतो. नखं ओरबाडून काढायची नाहीत, कोमट साबणाच्या पाण्यात थोडं तेल टाकून दहा-पंधरा मिनिटं बोटं बुडवायची, ही सूचना डबीवर मराठीत लिहा. एकीनं वापरलेला संच दुसरीला विकू नका. ब्युटी पार्लरचं काम शिकायचं असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत मोफत वर्ग असतात, पुढची तुकडी कधी आहे ते विचारा. उद्यम नोंदणीही मोफत आहे, त्याचे पाचशे-हजार मागणाऱ्याला हात जोडा. मुद्रा योजनेत शिशु गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळतं, पण चाळीस संच रोखीनं विकल्याशिवाय बँकेची पायरी चढू नका.

परवा ताईंचा पुन्हा फोन आला. किट घेतलं नाही. 700 रुपयांत कोरी नखं, चार रंग, टॉप कोट आणि टॅब आणलेत. नागपंचमीला नऊ संच गेले. दोघींचे अंगठे मापात बसले नाहीत, त्यांचे पैसे परत केले. मुख्याध्यापकांना त्या भेटून आल्यात, वसतिगृहाची यादी अजून लागलेली नाही. आता विचारत होत्या, नवरात्राच्या संचात राखाडी रंग कुणाला आवडत नाही, तो करंगळीला दिला तर चालेल का? म्हटलं, चालेल ताई, करंगळीलाच द्या.